घडी घालणाऱ्या दोघी

प्रिय खारूताई,

मिळालं! आपल्या शेडला मिळालं! सकाळी रेडिओवर सांगितलं. नातीने तीच बातमी मोबाईलवर शोधून पुन्हा ऐकवली, कारण पहिल्या वेळी मी इतक्या जोरात ओरडले की पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही. युद्धसेवेचा राष्ट्रीय सन्मान. सैनिकांना देतात तेच पदक. बायकांसाठी म्हणून वेगळं, लहानसं काही पाडलेलं नाही. माझं अक्षर वाकडंतिकडं येतंय. घाबरू नकोस, दुखणं नाही, आनंद आहे. खालच्या मजल्यावरचा शिंपी वर येऊन अभिनंदन करून गेला. त्याची समजूत अशी आहे की मी लढाईत विमान चालवत होते. मी ती दूर केली नाही. उद्या करीन. आज एक दिवस विमान चालवते.

आता बस आणि नीट वाच. आधी शेवटचं पान बघायची तुझी खोड मला माहीत आहे. या वेळी तसं करू नकोस. मी क्रमाने सांगणार आहे आणि तू क्रमाने वाचायचंस. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं पटलं नाही की तू तो ठेवून देतेस. मागच्या वेळी ठेवलासच. तुझी सून बिचारी नंतर मला म्हणाली, मावशी, रेंज गेली असेल. रेंज कसली, तू गेलीस.

तुझ्या नकाराचं आधी बोलून घेते. पदकाच्या कचेरीतली ती उंच मुलगी, सैन्यातली कॅप्टन, तुझ्याकडे आली होती. तू तिला सरबत दिलंस, पंख्याखाली बसवलंस, तिच्या बुटांचं कौतुक केलंस आणि मग म्हणालीस, घड्या घातल्याबद्दल पदक द्यायचं तर इस्त्रीवाल्याला आधी द्या. ती हसतच परत आली. मला म्हणाली, आजी, तुमच्या मैत्रिणीला तोड नाही. पण तुझ्या नावापुढे तिने ‘इच्छुक नाही’ असं लिहिलं ते लिहिलंच. शेडमध्ये घड्या घालणाऱ्यांपैकी आता आपण दोघीच उरलोय. बाकी सगळ्या गेल्या. तू नाही म्हणालीस की मी एकटी. मंचावर एकटी, फोटोत एकटी, आणि नंतर कोणी विचारलं की शेड कशी होती, तर सांगायलाही एकटीच. ते मला जमणार नाही. मी उभी राहीन, पण माझ्या समोर कोण असेल?

नात म्हणते, आजी, तुम्ही दोघी एवढ्या मैत्रिणी आणि त्या शेडबद्दल कधीच कशा बोलत नाही? तिला मी काय सांगणार? इतक्या वर्षांत तुझ्याकडे राहिले, तुझ्या मुलीच्या बाळंतपणात स्वयंपाक केला, तुझे हे गेले तेव्हा तुझ्याजवळ झोपले. शेडचा विषय निघाला की तू उठून कुकर बघायला जायचीस. कुकर गॅसवर नसला तरी जायचीस. मला वाटायचं, तुझा माझ्यावरच राग आहे. त्या दिवसांत मी तुझ्या नाकावरून एक गाणं रचलं होतं आणि ते सगळ्या शेडने पाठ केलं होतं. त्यानंतर आठवड्याभरात तू आपलं टेबल सोडून पट्ट्यांना बकलं लावायच्या खोलीत गेलीस. मी तापाने पडले होते. उठून कामावर आले तर तुझ्या जागी एक नवीन मुलगी. तिच्या हातांना घाम यायचा. मी शेड सांभाळणाऱ्या मोठ्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, तिने मागून घेतलं. बस. मला वाटलं, गाण्यामुळे. किती वर्षं वाटत राहिलं!

नातीला मी सगळं टेबल मांडून दाखवलं. जेवणाच्या टेबलावर पलंगपोस पसरला आणि सांगितलं, ही छत्री समज. आपण पॅराशूट कधी म्हटलंच नाही, छत्रीच म्हटलं. एक बाई शेंड्याशी, एक पायथ्याशी. पायथ्याचीने दोऱ्या ताणून धरायच्या, शेंड्याचीने एकेक कळी, म्हणजे कापडाचा तिकोनी पट्टा, उचलून दुसरीवर बसवायची, तळहाताने हवा काढायची, वर वाळूची पिशवी ठेवायची. तू मनात कळ्या मोजायचीस आणि तुझे ओठ हलायचे, म्हणून तू खारूताई. मी हलायचे नाही, म्हणून मी खुंटी. नातीला खुंटी हे फारच आवडलं. आता घरात मला तीच हाक आहे. जावईसुद्धा चुकून म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

आणि तिला तो नियमही सांगितला. घडी घालणारीला मध्येच कोणी बोलवलं, तर घडी सोडायची. पिशव्या उतरवायच्या, कापड झटकायचं, पहिल्या कळीपासून पुन्हा. कितवी कळी ते आठवतंय, माझी खात्री आहे, हे चालायचं नाही. मोठ्या बाई म्हणायच्या, खात्री तुझी आणि उडी त्याची. मंत्री आले होते ते तुला आठवतं का? गळ्यात हार, मागे फोटोवाला. प्रत्येक टेबलाशी थांबून विचारत होते, काय, कसं काय चाललंय? ते एका टेबलावरून पुढे गेले की मागच्या टेबलावर फडफड! आख्ख्या शेडने छत्र्या झटकल्या. बाहेर ट्रक उभे. मोठ्या बाई हात जोडून त्यांना म्हणाल्या, साहेब, पुन्हा याल तेव्हा युद्ध संपल्यावर या. नातीला हे खरं वाटेना. मी म्हटलं, तुझ्या खारूआजीला विचार. मग आठवलं की तुला विचारता येत नाही.

आता सुनावणी. तू आली नाहीस. खरं तर तू हवी होतीस. पदक द्यायचं की नाही ते ठरवणाऱ्या समितीने हरकती मागवल्या होत्या. हरकत कोणी घेईल असं मला वाटलं नव्हतं. म्हाताऱ्यांना एक पदक, त्यात कुणाचं काय जातं? पण सभागृह भरलं होतं. लोखंडी खुर्च्या, शिट्टी मारणारा माइक, भिंतीवर थांबलेलं घड्याळ. अध्यक्षीणबाई तरुण, आपल्या मुलींपेक्षाही लहान. पहिले उठले सैन्यातले एक निवृत्त साहेब. मिशा अशा की दोन्ही टोकांना दोन कावळे बसावेत. ते म्हणाले, या भगिनींविषयी मला आदर आहे, पण पदक शौर्याला असतं, कामाला पगार असतो. गोळी समोरून येत असताना जो उभा राहिला त्याचं आणि छपराखाली टेबलाशी उभं राहिलेल्याचं एकच पदक कसं? आज छत्रीवाल्या, उद्या डबे भरणाऱ्या, परवा रस्ते झाडणारे. मग पदकात काय राहिलं? मी ऐकत होते. खोटं काय सांगू, मला ते अगदीच चूक वाटलं नाही. आपल्याला गोळी कधी दिसली नाही. भोंगा वाजला की आपण टेबलाखाली बसायचो आणि तुझ्या नाकाचं गाणं म्हणायचो.

मग मोठ्या बाईंची मुलगी उठली. तिचेही केस पांढरे झाले, ओळखलंच नाही मी. मला वाटलं, ही आपल्या बाजूने बोलणार. तर ती म्हणाली, देऊ नका. माझी आई शेवटपर्यंत वाट बघत होती. दर वर्षी यादी आली की चष्मा लावून बसायची. तेव्हा तुम्हाला सुचलं नाही. आता तिच्या फोटोला पदक अडकवून मी काय करू? हे तुम्ही त्यांना देत नाही, स्वतःला देताय, तुम्हाला बरं वाटावं म्हणून. मला तिला मिठी मारावीशी वाटली आणि तिच्या पाठीत धपाटाही घालावासा वाटला. ती बरोबरच बोलत होती. पण बरोबर बोलून ती माझं काढून घेत होती. खारूताई, मला हवंय ते. मी लाजत नाही. मोठ्या बाईंना मिळायला हवं होतं, त्यांना मिळालं नाही, हे वाईट झालं; म्हणून मलाही मिळू नये, याने कुणाचं भलं होतं? उशीर झाला म्हणजे चूक झाली. मग ती आणखी लांबवायची कशाला? मी हे असंच बोलले, माइकमध्ये. शिट्टी वाजली मध्ये, पण बोलले. शेवटी म्हटलं, मी अजून जिवंत आहे, ही माझी चूक नाही. लोक हसले. मोठ्या बाईंची मुलगीही हसली, आणि मग तिने डोळे पुसले.

अध्यक्षीणबाई म्हणाल्या, आजी, नेमकं काम काय होतं ते आम्हाला दाखवाल का? कॅप्टन मुलीने उडी शिकवणाऱ्या शाळेतून एक जुनी छत्री मागवली होती. टेबलं जोडली. पिशव्या वाळूच्या मिळाल्या नाहीत, म्हणून कॅन्टीनमधून तांदळाच्या आणल्या. नात पायथ्याशी उभी राहिली, मी शेंड्याशी. म्हणजे तुझ्या जागी, बघ. माझी जागा तिला दिली आणि तुझी मी घेतली. कापडाला हात लागला आणि काय सांगू! गुडघे गेलेत, नजर गेलीय, चष्म्याशिवाय मला भाजीतला कढीपत्ता दिसत नाही. पण बोटं अशी चालायला लागली की मीच बघत राहिले. एक कळी, दुसरी कळी, हवा काढ, पिशवी ठेव. माझे ओठ हलत होते. सगळं सभागृह पुढे वाकलेलं. अर्ध्याच्या पुढे गेले असेन, आणि अध्यक्षीणबाईंनी अगदी प्रेमाने विचारलं, आजी, दिवसभर उभ्याने पाय दुखायचे नाहीत का?

मी पिशव्या उतरवल्या. कापड झटकलं. पहिल्या कळीपासून सुरुवात केली.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. मिशीवाले साहेब शेजारच्याला हळूच म्हणाले, पण माइक चालू होता, वय झालंय हो, विसरल्या असतील, बसवा त्यांना. अध्यक्षीणबाई उठून माझ्या खांद्याला हात लावून म्हणाल्या, राहू द्या आजी, समजलं आम्हाला. मी पुन्हा पिशव्या उतरवल्या. पुन्हा झटकलं. नात पायथ्यावरून डोळ्यांनी विचारतेय, काय करतेस? मी सांगणार कसं? बोलले की घडी गेली! तेवढ्यात मागच्या रांगेतून एक म्हातारा काठी आपटत उभा राहिला आणि ओरडला, कोणीही बोलू नका! एक अक्षर बोलू नका! बाई बरोबर करताहेत, तुम्ही त्यांना टोकताय! डोक्यावर लोकरीची टोपी, भर उन्हाळ्यात. आवाज असा की माइक लाजला. सगळे गप्प झाले. आणि मग, खारूताई, शेवटच्या कळीपर्यंत त्या सभागृहात फक्त कापडाचा आवाज. पंखासुद्धा बंद केला कोणीतरी. घडी पुरी झाली, पिशवीत बसली, दोरा बांधला. मी म्हटलं, आता विचारा. पाय दुखायचे. फार दुखायचे. टाळ्या किती पडल्या ते सांगत नाही, तुला बढाई वाटेल. मिशीवाले साहेब जवळ आले. माझी हरकत कायम आहे, म्हणाले. मी म्हटलं, ठेवा. मग ते टेबलाशी वाकले, घडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, मीही दोनदा उडी मारली आहे. छत्री कुणी बांधली होती याचा विचार कधी केला नाही. एवढंच. तांदळाच्या पिशव्या कॅन्टीनला परत नेऊन द्यायला त्यांनीच मदत केली.

एवढं सगळं होऊनही मी तिथे खूश नव्हते. कारण तुझा फोन. तो सुनावणीच्या आदल्याच दिवशीचा. मी तुला पुन्हा आग्रह केला, चिडवलं, गाण्याबद्दल माफी मागितली, आणि तू म्हणालीस, गाण्याचं काय घेऊन बसलीस? मग तू जे बोललीस ते इथे लिहिते, कारण मला नीट ऐकू आलं हे तुला कळायला हवं. तू म्हणालीस की मी तापाने घरी पडले होते त्या दिवशी दारातून शिपायाने तुला हाक मारली. तुझा भाऊ जखमी होऊन दवाखान्यात आला होता, ते सांगायला. तू हो म्हणालीस. मग वळलीस आणि घडी तशीच पुढे घातलीस. सोडली नाहीस. पायथ्याशी माझ्या जागी आलेल्या नवख्या पोरीच्या ते लक्षातही आलं नाही. ट्रक उभा होता, भाऊ डोळ्यांपुढे होता, आणि कितवी कळी ते आठवतंय असं वाटलं. त्या ट्रकमधल्या छत्र्या नदीपलीकडच्या उडीला गेल्या. चार दिवसांनी बातमी आली की एकाची उघडली नाही. तू मोठ्या बाईंकडे जाऊन म्हणालीस, मला टेबलावरून काढा. का, ते सांगितलं नाहीस. त्यांना नाही, मला नाही, तुझ्या ह्यांना नाही. तू म्हणालीस, मी एक माणूस मारलाय, खुंटे, मला पदक देऊ नका. आणि फोन ठेवलास.

मी उठून, तुला हसू येईल, स्वयंपाकघरात जाऊन कुकर बघून आले. तुझं चुकलं नाही असं म्हणायला मला काही माहीत नव्हतं. आणि नियम तर मीही तुझ्याबरोबरच शिकले होते. पण आता मला कळलं की तू सगळ्या आयुष्यात एकदाही छत्री का उघडली नाहीस. पावसात भिजत बाजारातून यायचीस, आणि आम्ही सगळे तुला चक्रम म्हणायचो.

आता खरं काय ते. यासाठीच एवढं सगळं लिहिलं, आणि मधलं गाळून इथे आली असशील तर मागे जा. सुनावणी संपल्यावर टोपीवाले आजोबा व्हरांड्यात माझ्यापाशी आले. त्यांना कमी दिसतं, काठीने खुर्ची शोधली आणि बसले. म्हणाले, तुम्ही झटकलीत त्याची फडफड ऐकली तेव्हा मी ओळखलं, आमच्या उडीच्या उस्तादांनी आम्हाला सांगितलं होतं, तुमच्या छत्र्या बांधणाऱ्या बायकांना टोकलं तर त्या पहिल्यापासून सुरू करतात, म्हणून बिनघोर उडी मारा. मी विचारलं, तुम्ही कुठे उडी मारलीत? ते म्हणाले, नदीपलीकडे. मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. मी म्हटलं, त्या उडीत एकाची उघडली नाही म्हणतात. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. ते म्हणाले, नाही उघडली. उघडणार कशी? विमानात वर एक तार असते, तिला आपापला हूक अडकवायचा, उडी मारली की ती तारच छत्री ओढून उघडते. दाराशी रेटारेटी झाली होती, पुढच्या पोराचा पट्टा अडकला होता. आमच्या त्या गड्याने स्वतःचा हूक वरच्या तारेतून सोडवला, पुढे वाकून त्या पोराला मोकळं केलं, आणि तेवढ्यात उडीचा दिवा लागला. मागून सगळे ढकलत होते. हूक परत तारेला अडकवायचा राहून गेला. तो त्याच्या मुठीत होता. मी त्याच्या लगेच मागे होतो, मी पाहिलं, ओरडलो, पण विमानात कोण कोणाचं ऐकतं? आमची बाकी सगळ्यांची उघडली. एकूण एक. खारूताई, एकूण एक, मी त्यांना तीनदा विचारलं, ते चिडले शेवटी. मग ते म्हणाले, खाली तो आम्हाला सापडला तेव्हा छत्री पाठीवर जशीच्या तशी बांधलेली होती. त्याला न्यायला आमच्याजवळ दुसरं काही नव्हतं. मी दोरा तोडला आणि ओढली. एका ओढीत सगळी बाहेर आली, कुठे अडली नाही, कुठे पीळ नाही, गवतावर नुसती पसरत गेली. त्यातच गुंडाळून त्याला नेलं. वर एवढंच कळवलं गेलं की एकाची उघडली नाही, आणि ते खोटंही नव्हतं. म्हणजे त्या ट्रकमधली तुझी कोणती होती ते देव जाणे, पण ज्यांना तारेने ओढलं त्या सगळ्या उघडल्या, आणि जिला कोणी ओढलंच नाही ती हाताने ओढल्यावर उघडली. चुकलेली घडी त्यात नव्हतीच. मी त्यांना तुझं सगळं सांगितलं. माझ्यावर रागव हवं तर. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, त्या बाईंकडे मला घेऊन चला. तर आम्ही रविवारी सकाळी येतोय. नात गाडी चालवेल. ते तुला स्वतः सांगतील, माझ्या सांगण्यावर तू विश्वास ठेवणार नाहीस हे मला ठाऊक आहे. पदकाचं त्यानंतर ठरव. हो म्हणालीस तर कॅप्टन मुलगी ‘इच्छुक नाही’ खोडायला तयार आहे. नाही म्हणालीस तर मी एकटी जाईन, तक्रार करणार नाही. पण रविवारची वाट बघत बसू नकोस, आजपासूनच धरून चाल. त्या माणसाला तू मारलं नाहीस. तुझ्या हातून कोणीच मेलं नाही, खारूताई, कोणीही नाही!

तुझीच,
खुंटी